खळ्यातली हाक

आई गेली त्या वर्षीच्या काजूच्या हंगामात तिचा आवाज गावात परत आला.

बाबांनी मला बेळगावला फोन करून सांगितलं. "वृषाली, आज कुंदा ग्रुपवर आली होती," ते म्हणाले. ती बाजारात भेटल्यासारखं म्हणाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं फळीवर लावत होते.

"कोण आली होती?"

"अगं, तिचा आवाज. सरकारची ती आरोग्यस्वर योजना नाही का? मी फोनवरूनच परवानगी दिली. तिचे सगळे निरोप माझ्याकडे होतेच. तुला सांगायचं राहिलं बघ."

राहिलं नव्हतं. मी नको म्हणेन हे त्यांना माहीत होतं.

आमचं आंबेखोल गाव गोव्याच्या हद्दीला लागून, घाटाच्या पायथ्याशी आहे. आई तिथल्या उपकेंद्रात नर्स होती, गाव तिला 'बाई' म्हणायचं. नोकरीची सगळी वर्षं तिनं तिथेच काढली, निवृत्तीनंतरही लोक आमच्याच दारात यायचे. तिचं माहेर चंदगडचं. घरात आम्ही सरळ मराठी बोलायचो. गावात ती मालवणी बोलायची, तीही घाटावरच्या हेलात, आणि लोकांना त्याची गंमत वाटायची. रोज सकाळी ती गावाच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकायची. "काय रे मंडळी, जेवलात मा?" अशी सुरुवात, सकाळचे आठ वाजले असले तरी. मग पाणी उकळा, पोरांना डोस द्या, गोळी चुकवू नका. मध्येच कोणाला तरी नाव घेऊन झापायची. तिचे निरोप लोक चहा पिता पिता ऐकायचे आणि मुंबईतल्या नातेवाइकांना पाठवायचे.

पण एक गोष्ट ती फोनवर कधीच सांगत नसे. कोणाच्या तपासणीत काही वाईट निघालं, कोणाला आजच्या आज हलवायला हवं असलं, की ती स्कूटर घेऊन त्या घरी जायची. अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. एरवी ती चपला काढून पडवीत बसायची, गूळपाणी घ्यायची, उखाळ्यापाखाळ्या काढायची. त्या दिवशी मात्र चपला घालून खळ्यातच उभी राहायची. कोणी पाणी आणलं तर "नको" म्हणायची. घरातल्या माणसाला पूर्ण नावानं हाक मारायची आणि मालवणी सोडून स्वतःच्या सरळ मराठीत दोन वाक्यं बोलायची. तेवढ्यानं ते घर उठायचं. कोणी कपडे भरायचं, कोणी गाडी बघायला धावायचं.

"फोनवर माणूस त्याला हवं तेवढंच ऐकतं," ती म्हणायची. "समोर उभं राहिलं की त्याला पळायला जागा नसते."

रजा काढून मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आणि आरोग्य खात्याच्या संवाद विभागातल्या डॉ. निनाद शिरसाटला भेटले. तो माझ्याहून लहान होता, आईला ओळखत होता. माझ्यासाठी त्यानं स्वतः उठून पंखा लावला.

"मॅडम, खरं सांगू? आम्ही वर्षानुवर्षं पत्रकं वाटली. लोकांनी त्यात भजी बांधली. मग आम्ही व्हिडिओ केले, नटनट्या आणल्या. लोकांनी नट बघितला, हात धुतले नाहीत."

"आणि आईचं ऐकतात?"

"आकडे बघा तुम्ही." त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला.

योजनेची रचना त्यानं मला समजावून सांगितली. प्रत्येक गावातल्या ग्रुपवर कोणाचा निरोप शेवटपर्यंत ऐकला जातो, कोणाचा पुढे पाठवला जातो, आणि कोणाच्या निरोपानंतर माणसं खरोखर केंद्रावर येतात, हे संगणक आधी शोधतो. त्यातून गावागणिक एक आवाज निघतो. त्या माणसाच्या जुन्या निरोपांवरून त्याचा उच्चार, श्वास, अडखळणं, लाडके शब्द, सगळं तो शिकतो. मग खात्याची सूचना त्या आवाजात ओतली जाते. एकाच सूचनेची बरीच रूपं तयार होतात आणि थोड्या थोड्या लोकांना पाठवली जातात. जे रूप लोक पूर्ण ऐकतात, जे पुढे पाठवतात, ते सगळ्या गावाला जातं. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच होते. वाफ्यातली चांगली रोपं तेवढी ठेवून बाकीची उपटावीत तसं.

"मध्ये माणूस कोणी ऐकतं का?"

"माहिती चुकीची नाही ना, एवढं तपासतो. बाकी ते स्वतः शिकतं."

"जिवंत माणसांचे आवाज का नाही घेत?"

"घेतले होते. त्यांच्या बदल्या होतात, भांडणं होतात. एक जण सरपंचपदाला उभा राहिला, तर अर्ध्या गावानं डोस घेणंच सोडलं." तो थांबला. पुढचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला. "गेलेल्या माणसावर गावाचं एकमत असतं."

"आई गंभीर गोष्ट फोनवर सांगत नसे, डॉक्टर. तुमच्याकडे तिचा तो आवाज नाहीये."

"हो?" त्याला खरंच कुतूहल वाटलं. "मग शिकेल हळूहळू. मार्ग काढतं ते."

त्या वर्षी माकडताप लवकर आला. जंगलात माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी काजूच्या पालापाचोळ्यात उतरतात, आणि बोंडं वेचायला गेलेल्या माणसांना चावतात. ताप आमच्या भागाला नवा नव्हता. विषाणू मात्र त्या वर्षी बदललेला होता. पूर्वी ज्या बिघाडाला आठवडा लागायचा, तो आता दोन दिवसांत व्हायचा. रक्त गोठवणाऱ्या पेशी भराभर कमी व्हायच्या आणि हिरड्यांतून रक्त यायला लागायचं. लवकर दाखल झालेली माणसं वाचत होती. खात्यानं सूचना काढली: काजूबागेत गेलेल्या व्यक्तीस ताप आल्यास विलंब न करता रुग्णालयात दाखल व्हावे.

आंबेखोलमध्ये ती सूचना अशी आली:

"काय रे मंडळी, जेवलात मा? बागेतसून इल्यार ताप-बीप इलो तर घाबरा नको हां. पेज घेवा, पडून ऱ्हवा, पाणी भरपूर पिया. आणि थेट हास्पिटलात जावन दाखवन येवा. माका परत सांगूक लावा नको."

बाबांनी मला ते कौतुकानं पाठवलं. मी ते ग्रंथालयाच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. शेवटच्या वाक्यावर आई हसली होती. तिच्या हसण्याआधी नाकातून यायचा तो छोटा श्वाससुद्धा होता. मी ते पुन्हा ऐकलं, या वेळी फक्त शब्द. माहिती सगळी बरोबर होती. 'हास्पिटल' होतं, 'थेट' होतं. पण 'विलंब न करता' असलेलं रूप लोकांनी मध्येच सोडलं असणार आणि पेजेचं पूर्ण ऐकलं असणार. आईच्या त्या गप्पांच्या सुरावर कोणी घर सोडून उठलं नसतं.

मी शिरसाटला फोन केला. तो बैठकीत होता. नंतर त्याचा निरोप आला: आंबेखोलचा प्रतिसाद जिल्ह्यात सर्वांत चांगला आहे.

दोनच दिवसांनी मालूकाकीचा फोन आला. ती आमची शेजारीण, संदेश तिचा मुलगा. "वृषाली, तुझ्या बापाशीक ताप असा. माझ्या संदेशाकपण असा. तू उगाच धावत येव नको, बाईन सांगल्यान हा पेज घेवक."

मी घाट उतरून पोचले तेव्हा बाबा आरामखुर्चीत होते. डोळे लाल, ओठ सुकलेले. शेजारच्या स्टुलावर पेजेचं भांडं आणि फोन.

"चला. गाडी दारात आहे."

"उद्या जाऊ. आज अंगात त्राण नाही."

"म्हणूनच आज."

"वृषाली, तुझी आई काय म्हणाली ऐकलंस ना?"

"बाबा, ती आई नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. एसटीत कंट्रोलर असताना उद्धट प्रवाशाकडे बघायचे तसे. "मला वेड लागलेलं नाही. मीच अग्नी दिलाय तिला. ते यंत्र आहे हे मला कळतं. पण ते तिच्यावरूनच बनवलंय की नाही? आयुष्यभर मी बघितलंय, गंभीर असतं तेव्हा ती फोनवर बोलत नाही. एवढं गंभीर असतं, तर..." ते थांबले. वाक्य कुठे चाललंय हे त्यांना दिसलं असावं.

"तर ती दारात आली असती," मी म्हटलं.

त्यांनी फोन उलटा ठेवला, पण उठले नाहीत.

मी बाहेर गेले. काही ठरवून गेले असं नाही. पायरीवर काढलेल्या चपला घातल्या आणि खळ्याच्या मधोमध उभी राहिले. ऊन तापलं होतं. मी आईसारखी दिसते असं सगळे म्हणतात. मला ते कधी आवडलं नाही.

"भालचंद्र विठ्ठल गवस," मी हाक मारली. "बाहेर या. आजच्या आज दवाखान्यात जायचं आहे. कपडे भरा."

बापाला नावानं हाक मारताना माझा आवाज मला ओळखू आला नाही. आत खुर्ची करकरली. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग आत वळले आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

कुंपणापलीकडे मालूकाकी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो मला द्यायला पुढे केला.

"नको," मी म्हटलं.

तिनं तांब्या तिथेच ठेवला आणि पोराला हाका मारत आत धावली. बाबा आणि संदेश माझ्या गाडीतून गोव्यातल्या इस्पितळात गेले, आणि संध्याकाळपर्यंत मी वाडीतल्या ताप असलेल्या प्रत्येक खळ्यात उभी राहिले. सगळी घरं उठली. बाबांच्या पेशी किती कमी झाल्या होत्या ते सांगताना गोव्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या आणलं असतं तर मी काही सांगू शकले नसते."

बाबा वाचले. संदेशही वाचला. आणि संदेशच्या बायकोनं खिडकीतून काढलेला माझा व्हिडिओ, चपला, हाक, 'नको' सगळ्यासकट, बाबांना घरी सोडायच्या आधीच अख्ख्या जिल्ह्यात फिरला होता.

शिरसाटचा फोन आला. त्याचा आवाज भरून आला होता. "मॅडम, यंत्रणेनं तो व्हिडिओ उचलला. तुमचं आणि बाईंचं मिळून एक रूप तयार केलंय. चेहरा तुमचा, आवाज त्यांचा. आणि काय करतं माहितीये? ज्याचा फोन, त्याच्या फोटोगॅलरीतून त्याचंच खळं घेतं. माणसाला दिसतं, कोणीतरी आपल्याच दारात उभं आहे, आपलं पूर्ण नाव घेतंय. शेजारच्या तालुक्यात ताप असलेलं एकही माणूस घरी राहिलं नाही. एकही!"

"बंद करा ते."

"मॅडम..."

"ती खूण रोज वापरायची नसते, डॉक्टर. आईनं ती वर्षातून दोनचारदा वापरली, म्हणून चालली."

"मी बंद करतो. पण उद्या कुठल्या तरी गावात कोणी पेज पीत पडून राहील. त्याच्या घरी काय सांगायचं ते तुम्ही मला सांगा."

"तापापुरतंच," मी म्हटलं.

"शब्द देतो."

त्यानं शब्द पाळला असं मला आजही वाटतं. मर्यादा त्यानं घातली होती: ताप. यंत्रणेनं त्यात डेंग्यूचाही ताप धरला. डेंग्यू डासांतून येतो, डास टाकीत होतात, म्हणून मी लोकांच्या खळ्यात उभी राहून टाकी धुवायला सांगू लागले. टाक्या धुतल्या गेल्या. प्रतिसाद उत्तम होता, म्हणून मच्छरदाणी आली. मग नारळाच्या करवंट्या उपड्या करणं आलं.

मी रजा वाढवून बाबांजवळ राहिले होते. पहिल्या दिवशी दुकानात गेले तर बायका बोलायच्या थांबल्या आणि वाट सोडून उभ्या राहिल्या. आठवड्याभरात दुकानदार भिकाजी मला बघून म्हणाला, "काय गो, सकाळीच आमच्या खळ्यात इल्लंस, च्या पण घेतलंस नाय?" सगळे हसले. मीही हसले.

"माझ्या बायलेक तर नावान हाक मारतंस," दुसरा कोणी म्हणाला. "ती म्हणता, सासूपेक्षा ह्या बरा, दोन वाक्यात आटापता."

"आमच्याकडे दोनदा इलंस आज. माका वाटला खोबऱ्याची वडी मागतंस काय!"

घरी बाबांच्या स्टुलावरचा फोन दिवसातून तीनचारदा 'भालचंद्र विठ्ठल गवस' म्हणायचा. सुरुवातीला ते दचकून सरळ बसायचे. नंतर हात लांब करून आवाज कमी करायचे. मी फोन कपाटात ठेवला, तर त्यांनी तो शोधून काढला. "असू दे गं," ते म्हणाले. "आवाज तिचा आहे."

या तापाला दुसरी पाळी असते. काही जणांत, माणूस बरा झाला, हिंडायला लागला असं वाटतं आणि मग ताप परततो. या वेळी तो मेंदूवर जातो. मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं, आणि बाबा चहा ओतत तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत असे.

त्या सकाळी चहा बशीबाहेर सांडला. त्यांनी खिडकी लावून घेतली. उजेड डोळ्यांना टोचतोय म्हणाले.

"बाबा, निघायचं."

"डोकं दुखतंय फक्त. झोप झाली नाही."

"हीच दुसरी पाळी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना?"

"दुपारी बघू." ते खुर्चीत मागे टेकले.

मी हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. चिडून नाही, माशी हाकलावी तसा. मग माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. मी चपला घातल्या आणि खळ्यात जाऊन उभी राहिले.

"भालचंद्र विठ्ठल गवस. बाहेर या. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं आहे."

आतून काही आवाज आला नाही. मी पुन्हा हाक मारली, जास्त मोठ्यानं. उघड्या दारातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते माझ्याकडे बघत होते, शांत, थोडं कंटाळून.

"धुतली टाकी," ते म्हणाले. "कालच धुतली."

"बाबा, मी आहे. वृषाली."

"तूच असतेस की रोज."

कुंपणापलीकडून मालूकाकीचा आवाज आला. सुनेला सांगत होती, "तो फोन बंद कर गो. कान किटले माझे."

"काकी!" मी ओरडले. "काकी, मी खरंच हाक मारतेय!" त्यांच्याकडचं दार लागलं. असं ओरडणारं एखादं रूपही लोकांना पाठवून बघितलं गेलं असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी आत जाऊन बाबांना काखेत हात घालून उचलायला गेले. ते माझ्या अंदाजापेक्षा जड होते. उंबऱ्याशी आलो तेव्हा त्यांना पहिला झटका आला. त्यांना जमिनीवर कुशीवर वळवून मी अँब्युलन्सला फोन लावला आणि पत्ता सांगितला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः बोलताय ना?" मी हो म्हटलं. तिनं आणखी दोन प्रश्न विचारून खात्री करून घेतली. गाडी आली. गोव्याच्या हद्दीपर्यंत ते श्वास घेत होते.

समाचाराला माणसं आली. शिरसाट आला होता, कोपऱ्यात बसून होता आणि चहा न घेताच गेला. ग्रुपवर त्या दिवसांत आईचा आवाज आला नाही. तेवढं त्यानं कसं तरी साधलं होतं.

मालूकाकी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, एकटीच. चप्पल काढून आत आली, माझ्यासमोर सतरंजीवर बसली. तिनं हात पुढे करून माझं मनगट धरलं. मला वाटलं, धीर द्यायला. पण तिची बोटं काही तरी शोधत होती. कातडी चेपून बघितली, उष्णता लागते का ते बघितलं, मग अंगठा नाडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

"तूच मा गो?" तिनं विचारलं.

"मीच, काकी."

तिनं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला, आणि मग रडायला लागली.